शिकणारं पोर गावातच राहू दे

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरीचा हिशेबही जोडीचाच. पण फडावर नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराबरोबर पोरंही चढतात. वर्ग ऐन भरात असताना थोरली मुलगी उसाच्या फडाशेजारच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकट्याला सांभाळत बसते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर अभ्यास इतका मागे पडलेला असतो की शाळेत परतायची तिलाच लाज वाटते. मग लवकर लग्न, आणि पुन्हा नवा कोयता.

शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 2000 साली अशा मुलांसाठी ‘शांतिवन’ उभं केलं. आईबाप फडावर असले तरी मुलं तिथं राहतात, जेवतात, शिकतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण ते मुलाला आईबापापासून तोडत नाही. फक्त त्याचं वर्ष वाचवतं.

तुमच्या तालुक्यातही अशी एखादी संस्था असेल. या आठवड्यात तिथं जा. जुने कपडे नेण्याआधी एकदा विचारा, तुम्हाला नेमकं काय हवंय?