पुरलेलें तें गेलें काय?

इंदापूर तालुक्यांतील एका विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही गेलों असतां त्याच्या वडिलांनीं मोठ्या अगत्यानें आपलें शेततळें दाखविलें. तळाशीं प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरलेला होता. नीरा डाव्या कालव्याचें आवर्तन लांबलें म्हणजे उसाचा जीव या सांठ्यावर तगतो. आम्हीं सहज म्हटलें कीं, शहरांतील कचरा पुरतांनाही आतां असाच कागद खालीं घालावयाचा नियम आहे. येथें पाणी जाऊं नये म्हणून, तेथें घाण उतरूं नये म्हणून. ते क्षणभर थांबून म्हणाले, "सर, आमचा कागद उंदरानें कुरतडला तर पाणी उतरलेलें दिसतें. तळें उपसून ठिगळ लावतां येतें. तुमचा तो ढीग कोण उपसणार?"

या प्रश्नानें आम्हांस परतीच्या वाटेवर स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

तळाशीं काय असावें हें केंद्र सरकारच्या २००० व २०१६ सालच्या नियमांनीं ठरवून दिलें: दाबून बसविलेल्या मातीचा ९० सेंटिमीटरांचा थर आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचें प्लॅस्टिकचें अस्तर. मातींतून पाणी पाझरण्याची गति सेकंदास एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक नसावी. हिशेब केला तर ही गति वर्षाकाठीं सुमारें ३ सेंटिमीटर भरते. म्हणजे नियमानें 'मुळींच नाहीं' असें म्हटलेलें नाहीं. 'इतकें सावकाश' एवढेंच म्हटलें आहे.

आतां या ढिगांत नवे पाहुणे आले आहेत. 'नॅनो' हा शब्द २०२१ सालापासून युरियाच्या बाटलीवर बसून बांधापर्यंत पोंचला. परंतु मोज्यांतील चांदी, उन्हाच्या मलमांतील जस्त, यांच्या रूपानें ही सूक्ष्म मंडळी आधींच घरांत शिरलेली होती. वीस नॅनोमीटरांचे ५०,००० कण एका ओळींत ठेवावे तेव्हां एक मिलिमीटर भरतो. धड अस्तरांतून असा कण पार होणें फार कठीण. पण सांधा नीट जुळला नाहीं, किंवा खडा रुतून मिलिमीटरभर भोंक पडलें, तर त्या कणाच्या दृष्टीनें ती गांवाची वेसच होय. तथापि भयही अवास्तव नसावें. कचऱ्यांतून निथळणाऱ्या काळ्या पाण्यांत क्षार पुष्कळ असतात. त्यामुळें हे कण एकमेकांस चिकटून कचऱ्यांत वा मातींत अडकतात. परंतु त्याच पाण्यांत कुजक्या पाल्यापाचोळ्याचीं अम्लें असतात; त्यांचा लेप चढला कीं कण सुटे राहून पुढें सरकतात. अडविणारा आणि पळविणारा, दोघेही एकाच पाण्यांत नांदतात!

भराव बंद झाल्यावर त्याची निगा किमान १५ वर्षें राखावी, असें त्याच नियमांनीं सांगितलें. १५ वर्षांत आमच्या वर्गांतला मुलगा बाप होतो. चांदी मात्र विरघळेल, गंधकाशीं मिळेल, पण चांदीपण सोडणार नाहीं. मुदतीची हमी देऊन बेमुदत वस्तु दुसऱ्याच्या भूमींत ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? माणसाचें सारेंच करणें मुदतीचें असतें, धरणाला आणि पुलालाही आयुष्य असतें, असें यावर म्हणतां येईल. तें खरें, पण पुलावरून जाणाऱ्यास पूल दिसतो, तडा गेला तर तो ओरडतो. पुरलेल्या गोष्टीची फिर्याद करणारा अजून जन्मावयाचा असतो.

म्हणून अस्तरास हंसावें, असें मात्र नव्हे. पुण्याहून दिवेघाटाकडे जातांना उरुळी देवाची व फुरसुंगी लागतात. तेथें पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उघड्यावर, अस्तरावांचून पडला; विहिरी नासल्या आणि गांवकऱ्यांस टँकरची वाट पाहावी लागली. त्यांना दीड मिलिमीटरही पुष्कळ वाटला असता. अस्तर वेळ मिळवून देतें, आणि वेळ ही थोडी देणगी नाहीं. आमची तक्रार अस्तराशीं नसून त्या वेळाच्या उपयोगाशीं आहे. वस्तूंत काय घातलें आहे हें विकणाऱ्यानें स्पष्ट सांगावें, तें पुरण्यापूर्वींच वेगळें निघावें आणि निगेची जबाबदारी १५ वर्षांनीं निनांवी होऊं नये, एवढ्यासाठीं तो वेळ आहे. प्रत्यक्षांत आम्ही तो विसरण्यांत घालवितों.

आम्ही म्हणजे कोण, हेंही सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं मुलानें आमच्यासाठीं वास न येणारे, चांदीचे म्हणून मोजे आणले. ते आतां टांचेला विरले आहेत. ओल्या कचऱ्यांत ते जात नाहींत. सुक्यांत टाकले तर घंटागाडीपुढें त्यांचें काय होतें, हें गाडीवाल्यास ठाऊक नाहीं. गृहिणींनीं दोनदां विचारलें. मोजे अद्याप कपाटाच्या खालच्या खणांत आहेत.