ऐकणाऱ्याचंही कुणी ऐकायला हवं

अमेरिका-ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिकांच्या जोडीला चॅप्लेन असतो. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो वा कुठलाच न मानणारा, चॅप्लेन त्याच्या उशाशी बसतो, त्याचं ऐकतो, हवी असल्यास प्रार्थना म्हणतो. २०२० साली कोविडनं नेमकी ही उशाशी बसण्याची मुभाच काढून घेतली. नातेवाइकांना बंदी झाली आणि अनेक ठिकाणी चॅप्लेनलाही काचेबाहेर थांबावं लागलं. अंत्यप्रार्थना फोनवरून झाल्या. जिथे आत जाता आलं, तिथे रुग्णाच्या चेहऱ्यासमोर टॅबलेट धरून घरच्यांचा निरोप घडवावा लागला. पडद्यावर हुंदके फुटत असताना हात हलू द्यायचा नाही, आणि पडदा विझला की पुढच्या खाटेकडे वळायचं. मधल्या वेळेत खचलेल्या परिचारिकाही त्याच्याकडेच मन मोकळं करायला येत.

अशा चॅप्लेनना सल्ला मिळतो : झोप घ्या, फिरायला जा, ध्यान करा. सल्ला चांगलाच आहे, पण अपुरा आहे. थकवा विश्रांतीनं जातो. मरणाऱ्याचा हात धरायला हवा होता आणि धरता आला नाही, ही टोचणी नुसत्या विश्रांतीनं जात नाही. ती कुणाला तरी सांगावी लागते. श्रद्धाळू माणसाला तर सांगणंही जड जातं, कारण आपलं खचणं ही त्याला श्रद्धेतली उणीव वाटते.

या पेशाच्या जाणत्यांना हे पूर्वीच उमगलं होतं. स्वतः मानसिक आजारातून गेलेले पाद्री अँटन बॉइसन यांनी १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली. त्या परंपरेतून घडलेल्या प्रशिक्षणात शिकाऊ चॅप्लेन रुग्णाशी झालेला संवाद आठवून शब्दशः लिहून काढतो आणि मार्गदर्शक व सहाध्यायांपुढे ठेवतो. रुग्णाच्या दुःखाबरोबर शिकाऊ चॅप्लेनची स्वतःची भीती, राग, असहायताही तिथे चर्चेला येते.

स्वतःची काळजी म्हणजे एकट्यानं स्वतःला सावरणं नव्हे, हेच यातून दिसतं. म्हणून ती चॅप्लेनच्या सुट्टीच्या दिवसावर ढकलू नये. असं बोलण्याचा तास कामाच्या वेळेतच हवा, पगारी हवा, आणि साथ ऐन भरात असताना तर तो मुळीच रद्द होता कामा नये. रुग्णालयांनी मास्क-हातमोज्यांइतकीच त्याचीही तजवीज करून ठेवावी.