पिझ्झ्याची वंशावळ

इटलीची सहल करून आलेल्या मराठी माणसांत पिझ्झ्यावरून हमखास दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, ‘आपल्याकडचाच बरा. तिथे ना सिमला मिरची, ना मका, आणि कडा करपलेल्या.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘नेपल्समध्ये खाल्ला तोच खरा, इथे मिळतो त्याला पिझ्झा म्हणूच नये.’ पहिल्याला आपण अडाणी ठरवतो, दुसऱ्याला जाणकार. या जाणकारीमागे मात्र एक समजूत दडलेली असते: नेपल्समध्ये पिझ्झा पिढ्यान्‌पिढ्या असाच होत आला आणि बाहेरच्या जगाने तो बिघडवला. इतिहास या समजुतीला फारशी साथ देत नाही.

प्रवाशांची मतेच प्रमाण मानायची, तर जुन्या प्रवाशांचीही ऐकावी लागतील. तारायंत्राशी ज्याचे नाव जोडले गेले तो सॅम्युएल मोर्स १८३१ मध्ये नेपल्सला गेला होता. टोमॅटोच्या फोडी आणि बारीक मासळी पसरलेला पिझ्झा त्याला गटारातून उचललेल्या पावासारखा वाटला. परक्याचे सोडा. ‘पिनोकिओ’चा लेखक कार्लो कोल्लोदी फ्लॉरेन्सचा, म्हणजे इटालियनच, त्यानेही १८८६ मध्ये पिझ्झ्याचे वर्णन नाना रंगांच्या कळकट थरासारखे केले आणि तो विकणाऱ्याच्या कळकटपणाशी त्याची सांगड घातली. नेपल्सच्या गरीब वस्त्यांवर लिहिणाऱ्या मातिल्दे सेराओ यांनी १८८४ मध्ये एक मासलेवाईक हकिकत नोंदवली आहे. नेपल्सच्या एका व्यावसायिकाने रोममध्ये पिझ्झ्याचे दुकान काढले. सुरुवातीला गर्दी झाली, नवलाई ओसरली आणि दुकान बसले. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी खुद्द रोमलाही पिझ्झा परका होता. तो एका शहरातल्या कष्टकऱ्यांचा, रस्त्यात उभ्याने खायचा पदार्थ होता, आणि पाहणाऱ्याला त्यात चवीआधी दारिद्र्य दिसत होते.

त्यावरचा टोमॅटोही तिथला नव्हे. सोळाव्या शतकात तो अमेरिका खंडातून स्पेनमार्गे आला आणि बराच काळ लोक त्याच्याकडे संशयाने पाहत होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये छापलेल्या आंतोनिओ लातीनीच्या पाकग्रंथात टोमॅटोची चटणी आहे, पण ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. राणी मार्गेरिताच्या भेटीची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक असते: १८८९ मध्ये रफाएले एस्पोझितोने राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा तिला पेश केला. पुरावा म्हणून दाखवले जाणारे राजवाड्याचे पत्र अस्सल आहे का, याबद्दल अभ्यासकांनी गंभीर शंका घेतली आहे. आणि मोझरेला व बेसिल घातलेल्या पिझ्झ्यांची वर्णने त्याआधीच छापली गेली होती. १८९१ मध्ये पेल्लेग्रीनो आर्तुझीने इटालियन घरगुती स्वयंपाकाचे जे प्रसिद्ध पुस्तक काढले, त्यातला ‘नेपल्सचा पिझ्झा’ बदाम आणि रिकोटा घातलेला गोड पदार्थ आहे.

मग पिझ्झा साऱ्या इटलीचा झाला कसा? उत्तर स्थलांतरात आहे. १८८० ते १९१५ या काळात सुमारे एक कोटी तीस लाख इटालियन देश सोडून गेले, त्यांत दक्षिणेकडचे गरीब फार होते. न्यूयॉर्कमध्ये पिझ्झ्याला प्रतिष्ठा मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतले मजूर तुरीन-मिलानच्या कारखान्यांत गेले, पर्यटक दक्षिणेत आले, आणि पिझ्झा देशभर पसरला. व्हिएन्नात जन्मून भारतात दशनामी संन्यासी झालेले मानववंशशास्त्रज्ञ अगेहानंद भारती यांनी १९७० मध्ये याच प्रवासावरून ‘पिझ्झा परिणाम’ ही संज्ञा घडवली. घरची वस्तू परदेशात मान मिळवून परतली की घरच्यांना तिचे मोल कळते. त्यांचा रोख अर्थात आपल्याकडे, योग आणि अध्यात्माच्या नव्या अभिमानाकडे होता.

या साऱ्यावरून काही जण पलीकडचे टोक गाठतात. पार्मा विद्यापीठाचे अर्थेतिहासाचे प्राध्यापक अल्बेर्तो ग्रांदी यांनी इटालियन खाद्यपरंपरांतल्या बनावट वंशावळी उघड्या पाडल्या आणि देशात बराच गहजब झाला. कार्बोनारा या पास्त्याची छापील कृती १९५२ मध्ये शिकागोत सापडते. तिरामिसू हे मिष्टान्न १९७० च्या आगेमागे लोकांसमोर आले. म्हणजे सगळे थोतांड, असा निष्कर्ष वाचणारा सहज काढतो. माझा आक्षेप इथे आहे. परंपरावादी म्हणतो, जुने आहे म्हणून खरे. भांडाफोड करणारा म्हणतो, नवे आहे म्हणून खोटे. खरेपणा वयावर मोजायचा, हे दोघांनाही मान्यच असते.

नेपल्सच्या पिझ्झ्याचे नियम पाहा. ते जपणारी संघटना १९८४ ची, त्यांना युरोपीय संघाची मान्यता २०१० ची. व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कड एक ते दोन सेंटिमीटर, लाकडाची भट्टी, तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सिअस, भाजणे ६० ते ९० सेकंद. नियम कालचे आहेत, पण पोकळ नाहीत. इतक्या आचेवर मऊ राहणारी कणीक तिंबणे, ती ठरलेला वेळ फुगू देणे, हाताने थापणे आणि दीड मिनिटात न जाळता बाहेर काढणे हे उमेदवारी करूनच येते. युनेस्कोने २०१७ मध्ये वारसा म्हणून नोंदवली ती पिझ्झा करणाऱ्यांची कला, हे मला फार नेमके वाटते. आपल्याकडेही तेच: उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे सगळे अमेरिका खंडातून आले. तेवढ्याने कोणाचा उपवास मोडत नाही.

नियम कसब राखतो तोवर तो उपकारक. तो माणसे वगळू लागला की बिघडतो. २०१९ मध्ये बोलोन्याच्या ग्रामदैवतासारख्या संत पेत्रोनिओच्या उत्सवात, डुकराचे मांस न खाणाऱ्यांनाही पंगतीत बसता यावे म्हणून डुकराच्या मांसाचे सारण भरलेल्या नेहमीच्या तोर्तेल्लिनी पास्त्यासोबत कोंबडीच्या सारणाचीही ठेवायचे ठरले. लगेच उजव्या पक्षाचे नेते मात्तेओ साल्व्हिनी यांनी ‘आमचा इतिहास पुसला जातोय’ अशी ओरड केली. आधीची पाककृती कोणी काढून घेतली नव्हती. शेजारी एक ताट वाढले होते, इतकेच. वयावर खरेपणा मोजण्याची सवय इथवर आणून सोडते, आणि तिला इटलीची हद्द नाही.

म्हणून सहलीहून परतलेल्या त्या दोघांपैकी पहिल्याची बाजू मला अधिक प्रामाणिक वाटते. ‘मला आवडला नाही’ हे त्याच्या जिभेचे मत आहे आणि त्याला पुरावा लागत नाही. ‘हाच खरा’ म्हणणाऱ्याने मात्र कोणाचा, केव्हापासून आणि कोणाच्या सोयीने, हे सांगायची तयारी ठेवावी.