कुणाला विचारून?

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या उत्तरेला क्रेगाव्हॉन नावाची वस्ती आहे. २००९ मध्ये तिथे आयबर्स्ट या इंटरनेट कंपनीने टॉवर उभारला आणि आसपासच्या घरांतून तक्रारी येऊ लागल्या. कुणाच्या अंगावर पुरळ, कुणाचं डोकं धरलेलं, कुणाला रात्रभर झोप नाही. वस्तीबाहेर गेलं की बरं वाटायचं आणि परत आलं की पुन्हा खाज. लोक कंपनीवर चालून गेले, नोव्हेंबरात बैठक झाली, कोर्टकचेरीची भाषा सुरू झाली. आणि मग कंपनीने जाहीर केलं की टॉवर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासूनच बंद ठेवलेला होता. बैठकीत लोक खाजेबद्दल पोटतिडकीने सांगत होते, तेव्हा त्या लोखंडातून काहीही बाहेर पडत नव्हतं.

हा किस्सा विज्ञानवादी मंडळी मोठ्या चवीने सांगतात. पण त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. त्या लोकांचं दुखणं सोंग होतं असं मानायला काही कारण नाही. शिवाय या गोष्टीची दुसरी बाजू कुणी सांगतच नाही. कंपनीने टॉवर गुपचूप बंद केला, बैठकीत समोर बसूनही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि लोक पुरते अडकल्यावर पत्ता टाकला. वैज्ञानिक मुद्दा तिने जिंकला, यात वाद नाही. पण लोकांना न सांगता टॉवर बंद करणारी कंपनी लोकांना न सांगता आणखीही काही करू शकते, असं एखाद्या रहिवाशाला त्या दिवशी वाटलं असेल तर त्याला मी तरी वेडा म्हणणार नाही.

दुखणं येतं कुठून, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जेम्स रुबिन यांनी २००५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर अशा ३१ प्रयोगांचा आढावा घेतला. मोबाइल, विजेची उपकरणं यांचा आपल्याला त्रास होतो असं सांगणारी एकूण ७२५ माणसं त्यांत होती. सिग्नल चालू आहे की बंद हे न सांगता त्यांना बसवलं, तर खऱ्या आणि खोट्या सिग्नलमधला फरक त्यांना ओळखता येतो असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. त्रास मात्र व्हायचा, आणि दोन्ही वेळी व्हायचा. २०१३ मध्ये रुबिन आणि मिखाएल विटहोफ्ट यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४७ जणांपैकी काहींना वायफायच्या धोक्यांवरचा बीबीसीचा वृत्तपट दाखवला, उरलेल्यांना भलतंच काहीतरी. मग सगळ्यांना ‘वायफाय’ सुरू करून बसवलं. ते अर्थात नकली होतं. निम्म्याहून अधिक लोकांनी त्रास झाल्याचं सांगितलं, दोघे तर अर्ध्यातून उठून गेले. मुळात काळजीखोर असलेल्या ज्यांनी वृत्तपट पाहिला होता, त्यांना त्रास अधिक झाला. वैद्यकात याला नोसीबो म्हणतात: औषध म्हणून दिलेल्या साखरेच्या गोळीने बरं वाटतं, त्याच वाटेने भीतीनेही दुखू लागतं.

भौतिकशास्त्राचा भाग लवकर आटोपतो. आपण ज्या प्रकाशात वाचतो त्याच्या एका कणात मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीतल्या कणापेक्षा सुमारे पाच लाख पट ऊर्जा असते, आणि तो प्रकाशसुद्धा पेशीतले रेणू फोडत नाही. मोबाइलच्या लहरी फार तर ऊब निर्माण करतात, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा त्या उबेच्या हिशेबावर ठरवलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या, आणि त्या एका शब्दावर पुढची पंधरा वर्षं भाषणं झाली. त्याच गटात त्या संस्थेने पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही घातला, पण कोरफडीच्या कुंडीविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. त्याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला. त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. संशोधन थांबलेलं नाही आणि थांबूही नये, पण इतकी वर्षं शोधूनही न सापडलेली गोष्ट फार मोठी असण्याची शक्यता कमी.

मग टॉवरने आजार होतो असं लोक का मानतात? ‘विज्ञान कळत नाही म्हणून’ हे नेहमीचं उत्तर. ते सोयीचं आहे, कारण ते देणारा आपोआप शहाण्यांत जमा होतो. पण आपल्याकडे या भीतीचा उगम झोपडपट्टीत किंवा खेड्यात झालेला नाही. मुंबईत २०१० च्या आसपास गाजलं ते कारमायकल रोडवरच्या उषाकिरण इमारतीचं प्रकरण. तिथे कर्करोगाचे काही रुग्ण आढळले आणि बोट दाखवलं गेलं समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या अँटेनांकडे. टॉवरविरोधी मोहिमेचा मुख्य आवाज होते पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक गिरीश कुमार, म्हणजे ज्यांना अँटेना म्हणजे काय हे आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं. कर्करोग हा विरळा आजार राहिलेला नाही. इतक्या इमारतींच्या शहरात काही इमारतींत निव्वळ योगायोगानेही रुग्णांची गर्दी दिसणारच. हे संख्याशास्त्र बरोबर आहे, पण ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याला ते ऐकवून पाहा. त्याला योगायोग नको असतो, कारण हवं असतं. आणि कारण समोरच्या गच्चीवर, खिडकीतून दिसेल असं, उभं असतं.

गच्ची नेमकी कुणाची, याला या गोष्टीत फार महत्त्व आहे. टॉवरचं भाडं मिळतं ते ज्या सोसायटीच्या गच्चीवर तो आहे तिला. मेंटेनन्स कमी होतो, लिफ्टचं काम निघतं. अँटेनांची तोंडं मात्र समोरच्या इमारतीकडे. सर्वसाधारण सभेत भाड्याचा ठराव मंजूर होताना रेडिएशनचा विषय निघालाच तर तो वरच्या मजल्यावरचे काढतात, आणि समोरच्या इमारतीत तो तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळेच काढतात. याला लबाडी म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या निर्णयात आपल्याला ना वाटा, ना मत, त्याच्या परिणामांकडे माणूस संशयानेच पाहतो. भाडं मिळू लागलं की तोच माणूस आकडे नीट वाचू लागतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की या समजुतींत लहरींचा भाग थोडा आणि न विचारल्याचा भाग फार मोठा असतो. पण ‘मला विचारलं नाही’ ही तक्रार आपल्या व्यवस्थेत कुठेच दाखल होत नाही. कार्यालयात तिला रकाना नाही, कोर्टात तिला उभं राहायला जागा नाही. ‘मला आजार होतो’ ही तक्रार दाखल होते. मार्च २०१७ मध्ये ग्वाल्हेरमध्ये घरकाम करणाऱ्या, कर्करोग झालेल्या एका माणसाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या छपरावरचा बीएसएनएलचा टॉवर बंद करायला लावला. तो टॉवर बेकायदा आहे हेही त्याचं म्हणणं होतं, पण देशभर बातमी झाली ती कर्करोगाची. त्यातून लोक काय शिकले असतील ते उघड आहे. परवानगीचे कागद मागत बसण्यापेक्षा वैद्यकीय अहवाल जोडलेला बरा.

आजाराच्या भाषेत सत्तेबद्दल बोलायची ही सवय मोबाइलपेक्षा खूप जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा अफवा पसरली की इस्पितळात नेतात ते माणसाच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचा अर्क काढण्यासाठी. ऑक्टोबरच्या अखेरीला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. अफवा धादांत खोटी होती. पण माणसांना घरातून बळजबरीने उचलून नेत होते, आणि नेलेली बरीच माणसं परत येत नव्हती, हे खोटं नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले, आणि जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या काळच्या गिरणी कामगाराला जंतुशास्त्र शिकवलं असतं तर मोमियाईची अफवा विरली असती, असं मला वाटत नाही. सरकारबद्दल त्याला जे सांगायचं होतं ते सांगायला मोमियाईखेरीज त्याच्यापाशी शब्द नव्हते.

तोच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, आणि नव्या साथीला नवी मोमियाई मिळाली: ५जीच्या लहरींमुळे कोविड होतो ही अफवा. त्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये मोबाइलचे मनोरे जाळले गेले. बर्मिंगहॅममध्ये तर कोविडसाठी उभारलेल्या तात्पुरत्या इस्पितळाला सेवा देणाराच मनोरा पेटवला. केबल टाकणाऱ्या कामगारांना लोकांनी भररस्त्यात शिव्या घातल्या. इथे माझ्या सहानुभूतीची हद्द संपते. न विचारल्याचा राग समजतो, पण तो निघाला कंत्राटी कामगारावर, ज्याला स्वतःला तर कुणीच काही विचारलेलं नव्हतं.

आपल्याकडे ती लाट वर्षभर उशिरा आली. मे २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागलं की माणसं मरताहेत ती विषाणूने नव्हे, ५जीच्या चाचणीमुळे. हरयाणात टॉवरची नासधूस झाली. १० मे रोजी दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला की देशात ५जीची चाचणी अजून कुठेही सुरूच झालेली नाही. सेवा आली ती पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबरला. म्हणजे क्रेगाव्हॉनसारखंच, नसलेल्या लहरींनी झालेलं दुखणं, फक्त यावेळी मरणं खरी होती. त्या दिवसांत सिलिंडरसाठी रांगा कुठवर गेल्या होत्या ते ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना विसरता येणार नाही. आणि जुलैमध्ये राज्यसभेत केंद्र सरकारने सांगितलं की ऑक्सिजनच्या तुटवड्याने झालेल्या मृत्यूंची वेगळी नोंद राज्यांनी कळवलेली नाही. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर अचूक असेलही. पण डोळ्यांदेखत दिसलेलं कारण जेव्हा सरकारी कागदावर सापडत नाही, तेव्हा कागदाबाहेरची कारणं भराभर उगवतात. ५जीचा खुलासा खरा होता. पण त्या उन्हाळ्यात सरकारचं कुठलं म्हणणं खरं मानायचं हे ठरवणं सोपं नव्हतं.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस अभिनेत्री जुही चावला यांनी दिल्ली उच्च न्यायालयात ५जीविरुद्ध दावा लावला. ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी मध्येच त्यांच्या सिनेमातली गाणी म्हणू लागलं, आणि देशाला तेवढंच लक्षात राहिलं. न्यायालयाने दावा प्रसिद्धीसाठी केल्याचं म्हणत २० लाखांचा भुर्दंड बसवला. पुढे तो २ लाखांवर आला. दावा कच्चा होता, सरकारकडे आधी दाद मागायलाही त्या गेल्या नव्हत्या. तरी पण, एक तंत्रज्ञान देशभर आणताना नागरिकांशी त्याबद्दल कुणी, कुठे बोलायचं असतं, हा साधा प्रश्न त्या हशात वाहून गेला.

चिमणीचं प्रकरण मात्र निराळं आहे, कारण तिथे संशय घेणारे आपण स्वतःच गुंतलेले आहोत. चिमण्या टॉवरमुळे गेल्या, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन होतो आणि त्या दिवशी टॉवरचा उद्धार हमखास होतो. ‘२.०’ या सिनेमाचा तर सगळा डोलारा याच कल्पनेवर उभा होता. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात चिमणीची एकूण संख्या त्याआधीच्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर दिसली. घट होती ती मोठ्या महानगरांत. टॉवर खेड्यांतही पोचलेत, चिमण्या तिथून गेलेल्या नाहीत. शहरात मात्र वळचणी गेल्या, कौलं गेली, अंगणात धान्य पाखडणं गेलं, पिलांना भरवायला लागणाऱ्या अळ्या फवारणीत गेल्या. ही यादी आपल्या घराच्या नूतनीकरणाची यादी आहे. ती मान्य करण्यापेक्षा टॉवरला दोष देणं कितीतरी सुखाचं.

जिथे भीती तिथे दुकान आलंच. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाइलला लावायची शेणाची चिप सादर केली; तिने रेडिएशन कमी होतं, हे त्यांचं म्हणणं. नेदरलँड्समध्ये ५जीपासून बचाव करणारी लॉकेटं विकली जात होती. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशी दहा उत्पादनं धोकादायक ठरवली, कारण ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. मोबाइलच्या लहरींना न जमणारं काम, म्हणजे पेशींना इजा करणं, ते लॉकेट गळ्यात राहून करू शकत होतं.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. यामागे लोकांना धीर देण्याचा हेतू असणार, पण लोकांनी त्यातून उलटच अर्थ घेतला: धोका नसता तर मर्यादा कशाला खाली आणली असती? खबरदारीच्या उपायांनी काळजी घटण्याऐवजी वाढते, हे पीटर वीडेमान आणि होल्गर शुट्झ या जर्मन संशोधकांनी २००५ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. त्यात मोबाइलचा एक खोडसाळ स्वभाव आहे. सिग्नल अशक्त असला की हातातला फोन जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर दूर हटवला तर डोक्याला चिकटलेल्या फोनमधून मिळणारी मात्रा वाढते, आणि ती टॉवरकडून येणाऱ्या मात्रेपेक्षा एरवीही जास्तच असते. हे टॉवर हटवल्यानंतर लोकांना कळून काय उपयोग?

२०१७ पासून ‘तरंग संचार’ नावाची सरकारी व्यवस्था आहे. आपल्या परिसरातला टॉवर नियमात बसतो का ते तिथे पाहता येतं, आणि शुल्क भरलं तर माणसं येऊन घरात मोजमाप करून देतात. मला ही सोय मनापासून आवडते. फुकट असती तर जास्त आवडली असती. तरी मोजून दाखवल्याने भांडणं मिटतील असं वाटत नाही. आकडा मर्यादेच्या खूप खाली येतो, माणूस कागद घडी घालून ठेवतो, आणि पुढच्या सभेत पुन्हा उठून उभा राहतो, कारण टॉवर बसवायचा ठराव झाला तेव्हा सूचना कुणाच्या दाराला चिकटवली होती हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं.