अभ्यास मोडून पाहिलेले औंध

माउलींनो, एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. परीक्षा आठ दिवसांवर आली आहे आणि विद्यार्थ्याने शनिवार-रविवार पुस्तक मिटून ठेवले, एक दिवस चित्रे पाहिली, दुसऱ्या दिवशी नाटक पाहिले. त्याच्या हातून दोष घडला का? चटकन ‘हो’ म्हणू नका आणि ‘हल्लीची पिढी’ हे शब्द तर तोंडातून काढूच नका. ते शब्द माझ्या आजोबांच्या तोंडीही होते.

प्रश्न हवेतला नाही. आमच्या पाटणातली, शेजारच्या घरातली मुलगी आहे, शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. शनिवारी मैत्रिणींबरोबर औंधचे संग्रहालय पाहिले, एका मैत्रिणीच्या घरी मुक्काम केला आणि रविवारी सांगलीला नाटक पाहून रात्री उशिरा घरी आली. वडील संतापून माझ्याकडे आले. म्हणाले, “बुवा, पुंडलिकाने दारात आलेल्या देवालासुद्धा थांबवले, कारण हातात आईबापांची सेवा होती. हिला एक नाटक थांबवता आले नाही?”

दृष्टांत वाईट नव्हता. कीर्तनकाराच्या अंगणात येऊन पुंडलिक सांगणारा माणूस मला आवडतो. पण पोरगी मागेच उभी होती. ती म्हणाली, “बुवाआजोबा, मी दोन दिवस हरिनाम सप्ताहाला जाऊन बसले असते, तर बाबा इतके रागावले असते का?”

या प्रश्नाला बगल देता येत नाही. सप्ताहाला गेली असती तर वडिलांनी चार लोकांत कौतुकाने सांगितले असते, हे त्यांनाही ठाऊक होते. मग राग अभ्यास बुडाल्याचा, की चित्रे पाहिल्याचा? औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत आणि स्वतःच कीर्तनालाही उभे राहत. 1938 साली त्यांनी ते संग्रहालय उभे केले. त्यांच्या ठायी या दोन गोष्टींत भिंत नव्हती. विषय टाळून पळायचेच असेल, तर माणूस सप्ताहाच्या मांडवातही पळून येऊन बसतो. असे श्रोते मी आयुष्यभर समोर पाहिले. त्यांचे डोळे बुवाकडे असतात आणि मन घरच्या राहिलेल्या कामाला भीत असते.

म्हणून मी तिला विचारले, “काय पाहिलेस ते सांग.” मला वाटले, यादी सांगेल. दोन दिवसांत डोळ्यांत इतके कोंबल्यावर बहुधा यादीच उरते. श्रवण होते, मननाला जागा राहत नाही. आणि खरेच, रविवारच्या नाटकाबद्दल तिने दोन वाक्यांत आटोपले. सांगलीला 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, ही माहिती तिने दिली, पण ती तर मलाही पाठ आहे. औंधचे मात्र निराळे. राजा रविवर्म्याच्या सैरंध्रीपुढे ती बराच वेळ उभी राहिली होती. सुदेष्णेच्या आज्ञेने द्रौपदी कीचकाच्या घरी मद्य आणायला निघाली आहे, तो प्रसंग. मुलगी म्हणाली, “तिला जायचे नाहीये आणि नाही म्हणताही येत नाहीये, हे तिच्या अंगावर दिसते.” कीचकाचे आख्यान लावले की श्रोते भीम केव्हा येतो याची वाट पाहतात. त्या आधीच्या चार पावलांशी थांबणारा श्रोता दुर्मीळ. तिथे ही पोरगी थांबली होती. हे दोन दिवस वाया गेले, असे मला म्हणवेना.

पण पुंडलिकाचा हिशेब अजून बाकी होता. नाटक रविवारी गेले की गेले. औंधची चित्रे 1938 पासून तिथेच आहेत. मी तिला तोंडावर सांगितले, “सैरंध्री परीक्षेनंतर पाहिली असतीस तरी ती तशीच भेटली असती.” त्यावर ती म्हणाली, “परीक्षेनंतर दुसरी परीक्षा असते, बुवाआजोबा.” हेही खोटे नाही. मोकळा वेळ मिळाल्यावर जाऊ, असे वारकऱ्याने ठरवले असते तर पंढरपूरला कोणीच पोचले नसते. आषाढी नेमकी पेरणीच्या दिवसांत येते. आपले वाडवडील तरीही गेले. पण कसे गेले ते आठवा. वापसा मिळताच पेरून घेतले, नाहीतर रान भावाच्या हवाली केले, बैलांची वैरण लावून दिली, आणि मग पताका खांद्यावर घेतली. घरी राहिलेल्या भावाला वारीचे अर्धे पुण्य, असे आमच्याकडे मानतात.

या मुलीचे तीन धडे वाचायचे राहिले होते आणि घरी तिने कळवले ते कराडच्या स्टँडवरून, फोनवर. माझ्या मते दोष असलाच तर इथे आहे. ती गेली यात नाही, रान तसेच टाकून गेली यात. शिवाय शेत भाऊ पाहतो. अभ्यास दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेतल्या चार वर्षांत पाठांतर ज्याचे त्यालाच करावे लागते. जोग महाराजांनी 1917 साली संस्था काढली तेव्हापासून त्यात फरक पडलेला नाही.

अशा वेळी कोणीतरी गदिमांचे नाव घेतेच. इथेही मुलीच्या मामांनी घेतले. माडगूळकर औंधला शिकत होते, गणिताने त्यांची मॅट्रिक अडवली, आणि पुढे ‘गीतरामायण’ लिहिले. खरे आहे. पण गणितात नापास झालेले इतर हजारो जण आपल्याला नावाने ठाऊक नाहीत, हेही खरे. आणि ‘गीतरामायण’ कसे झाले? 1955 च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला नवे गीत, अशी 56 गीते. वार चुकवायची सोय नव्हती. गणित सुटले, अभ्यास काही सुटला नाही. मामा त्यावर हसले. पटले की नाही, ते त्यांचे त्यांना माहीत.

वडिलांना मात्र मी निराळे सांगितले. सप्ताह चालतो आणि संग्रहालय चालत नाही, हा भेद आधी मनातून काढा, मग मुलीशी बोला. पुढची जाण्याची तारीख दोघांनी मिळून ठरवा, आषाढीसारखी आधीपासून, म्हणजे तिला त्याआधी पेरून घेता येईल. बोलता बोलता निघाले की जन्म सातारा जिल्ह्यात जाऊनही त्यांनी स्वतः औंध पाहिलेले नाही. कराडला गाडी बदलावी लागते, एवढे त्यांना मुलीनेच सांगितले.