उत्तम देश कोणता ?

शास्त्रभाग :— उत्पत्ति १३:५–१३, यिर्मया २९:४–७, इब्री ११:८–१६.



स्वदेश सोडून परदेशीं राहिलेले लोक एके ठिकाणीं जमले, म्हणजे त्यांच्यांत एक वाद हटकून निघतो. राहण्यास जगांत सर्वांत उत्तम देश कोणता ? एक म्हणतो, स्वित्झर्लंड. तेथील पाणी निर्मळ व आगगाडी वेळेवर. दुसरा म्हणतो, तेथें शेजारी वर्षानुवर्षें ओळख देत नाहीं, त्यापेक्षां न्यूझीलंड बरें. तिसरा दुबईची बाजू घेतो, कारण तेथें पगारावर कर नाहीं. त्यावर चौथा म्हणतो, कर नाहीं हें खरें, पण अर्धें आयुष्य तेथें घालविलें तरी तो देश तुला आपला म्हणेल, असा भरंवसा नाहीं. असा वाद रात्र सरेपर्यंत चालतो, आणि निकाल कांहींच लागत नाहीं.

हा वाद खेड्यांतील मंडळीस दूरचा वाटेल. पण तुमच्यांपैकीं कोणाचा मुलगा पुण्यास आहे, कोणाचा मुंबईस, कोणाचा आखातांत. आणि जो अजून घरीं आहे, तोहि कोठें गेल्यानें बरें होईल, ह्याच विचारांत असतो. तेव्हां प्रश्न आपलाच आहे. त्याविषयीं शास्त्र काय शिकवितें तें आज पाहूं.

ह्या वादाचा निकाल लावण्यासाठीं विद्वानांनीं मापेंहि केलीं आहेत. १९९० सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें देशांची एक यादी प्रसिद्ध केली. लोक किती वर्षें जगतात, किती शिकतात व किती मिळवितात, ह्या तीन गोष्टी तींत जमेस धरिल्या होत्या. ती योजना पाकिस्तानचे महबूब उल हक यांनीं आखिली, व अमर्त्य सेन यांनीं त्यांस साह्य केलें. २०१२ सालापासून दुसरी एक यादी निघूं लागली. तिच्यासाठीं देशोदेशींच्या लोकांस सांगतात कीं, मनांत एक शिडी आणा. तिच्या शेंड्यावर, म्हणजे दहाव्या पायरीवर, तुम्हांस शक्य असलेलें सर्वांत चांगलें आयुष्य आहे, व तळाशीं सर्वांत वाईट. तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहां ? त्या उत्तरांच्या सरासरीवरून २०१८ पासून २०२५ पर्यंत आठहि वर्षें फिनलंड देशाचा पहिला क्रमांक लागला.

ह्या मापांचा आम्ही उपहास करीत नाहीं. लेंकरूं जगणें, त्यास अक्षरओळख होणें, घरीं भाकर असणें, हीं देवाचींच दानें आहेत, आणि तीं मोजणें हें पाप नव्हे. दुष्काळांत अलीमलेख आपलें बेथलेहेम सोडून मवाब देशीं गेला. पोटासाठीं घर सोडणाऱ्यास आपण दोष देऊं नये. पण कोणतीहि निवड करितांना मनुष्य काय पाहतो व काय पाहत नाहीं, ह्याचा विचार मात्र केला पाहिजे.

लोटाकडे पाहा. त्याच्यापुढें सारा देश मोकळा होता. त्यानें दृष्टि वर करून यार्देनेचें खोरें पाहिलें. तेथें पाणी मुबलक होतें व चारा भरपूर होता. त्यानें जमीन पाहिली, माणसें पाहिलीं नाहींत. ती जमीन खरोखरच उत्तम होती. शास्त्र तिला कोठेंहि नांवें ठेवीत नाहीं. मग सदोमाचें काय चुकलें ? यहेज्केल संदेष्टा सोळाव्या अध्यायांत सांगतो कीं, तेथें अन्नाची रेलचेल होती, पण गरिबास हात देणारा कोणी नव्हता. आणि त्या नगराच्या वेशींत आलेल्या पाहुण्यांवर काय प्रसंग आला, हें तुम्हांस ठाऊकच आहे. ज्या देशीं परका रात्रीं निर्भयपणें निजूं शकत नाहीं, त्या देशाचें पाणी कितीहि गोड असो, तो देश उत्तम नव्हे.

आतां ज्या फिनलंडास पहिलें आसन मिळालें, त्याचा पूर्ववृत्तांत ऐका. तेथें हिवाळा लांब व काळोखाचा, आणि पुष्कळ जमीन दलदलीची व दगडांची. १८६६ ते १८६८ ह्या सालांत पिकें बुडालीं, आणि असा दुष्काळ पडला कीं, सुमारें दर बारा माणसांमागें एक मेला. लोक झाडाची साल दळून भाकरीच्या पिठांत मिसळीत. पुढील पन्नास-साठ वर्षांत तेथील लाखों लोक पोटासाठीं अमेरिकेस गेले. त्या दिवसांत उत्तम देशांच्या वादांत फिनलंडाचें नांव कोणी काढिलें असतें काय ? जमीन आजहि तीच आहे, हिवाळाहि तोच आहे. मग बदललें काय ?

कारणें पुष्कळ आहेत, पण आम्ही तीन सांगतों. तो देश स्वीडनच्या राज्यांत होता, तेव्हां १६८६ सालीं तेथील मंडळीचा एक कायदा झाला, कीं धन्यापासून चाकरापर्यंत सर्वांनीं वाचावयास शिकावें. पाळक गांवोगांव जाऊन एखाद्या घरीं सर्वांस जमवीत व वाचनाची आणि प्रश्नोत्तरावलीची परीक्षा घेत. ज्यास तें येत नसे त्याच्या लग्नासहि अडचण पडे. हें काम धीमें होतें, आणि त्याचें फळ पिढ्यांनंतर दिसलें. नंतर १९०६ सालीं स्त्रियांस मत देण्याचा व निवडून येण्याचा, असे दोन्ही हक्क तेथें मिळाले. आणि १९४३ सालीं, युद्ध चालू असतां व घरांत टंचाई असतां, शाळेंतील प्रत्येक मुलास जेवण फुकट देण्याचा कायदा झाला. तो १९४८ पासून देशभर अमलांत आला. पाहा, उत्तम देश त्यांस सांपडला नाहीं. तो त्यांनीं घडविला, आणि तोहि सर्वांत धाकट्याचें ताट आधीं मांडून. उपदेशक बंधूंनो, संध्याकाळीं कंदिलाशीं किंवा दिव्याखालीं पांचसहा मुलांस वाचावयास बसवितांना आपलें काम क्षुद्र आहे असें मनांत आणूं नका.

पण आणखी एक गोष्ट आहे. परदेशस्थांच्या वादांत एक मनुष्य कधीं बोलत नाहीं, कारण त्यास कोणी बोलावीत नाहीं. संयुक्त अरब अमिरातींत दहा माणसांतील आठांहून अधिक परदेशीय आहेत. त्यांत मोठ्या पगाराचा इंजिनियर आहे, तसा एका खोलींत अनेकांबरोबर दाटीनें निजणारा गवंडीहि आहे. समुद्र दोघांनींहि ओलांडला. पण एकास साहेब म्हणतात व दुसऱ्यास मजूर. आखाती देशांत कफाला नांवाची रीत चालत आली आहे. तिच्यायोगें मजुराचा राहण्याचा परवाना धन्याच्या हातीं असतो. जुन्या धन्याच्या संमतीवांचून दुसरी चाकरी धरण्याची मोकळीक कतारांत २०२० सालीं कायद्यानें मिळाली. अशा एकाच नगरांत, एकाच उन्हांत, एक मनुष्य शिडीच्या शेंड्याजवळ व दुसरा तळाशीं उभा असूं शकतो. मग तो देश उत्तम म्हणावा कीं वाईट ? शास्त्र म्हणतें, तळच्यास विचारा. लेवीय एकोणिसाव्या अध्यायांत देवानें इस्राएलास बजाविलें कीं, देशांत उतरलेल्या परक्यास घरच्यासारखें वागवावें. कारण मिसरांत तेहि एके काळीं परकेच होते.

आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांनीं हा अनुभव घेतला आहे. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. १९४८ सालीं इस्राएलाचें राज्य झाल्यावर हे आपले मराठी बोलणारे शेजारी हजारोंनीं तिकडे गेले. पूर्वजांची भूमि ती. त्यांच्या मतें तीहून उत्तम देश कोणता असणार? तरी तेथें त्यांच्या यहूदीपणाविषयींच शंका निघाली, आणि १९६२ सालीं मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या लग्नांस निराळी चौकशी लाविली. त्यांनीं निषेधाची चळवळ केली, तेव्हां १९६४ सालीं तो उघड भेद काढण्यांत आला. वचनदत्त देशांत पोंचल्यावरहि मनुष्यास आणखी एक गोष्ट लागते. ती ही कीं, शेजाऱ्यानें त्यास आपला म्हणावें.

आतां दूरचे देश राहूं द्या, आणि आपल्या शिवारांत या. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीडकडील व इतर दुष्काळी भागांतील लाखों माणसें ऊस तोडण्यास बाहेर पडतात. मुकादमाची उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून हिशेबांत एक कोयता. फडाच्या कडेस कोप्या उभ्या राहतात. थोरलें मूल धाकट्यास सांभाळितें, आणि त्याची शाळा मागें गांवीं राहते. आपल्या मंडळ्यांतूनहि कित्येक कोयता घेऊन जातात. इतर कित्येक मंडळ्यांच्या शिवारांत अशा टोळ्या येऊन उतरतात. त्या कोपींतील बाईस कोणी विचारिलें कीं, बाई, एवढ्या गांवांचें पाणी प्यालीस, त्यांत तुझ्या जिवास विसावा कोठें मिळाला ? तर ती आपल्या गांवाचें नांव घेईल काय ? बंधुभगिनींनो, देवापुढें आपल्या गांवाचा क्रमांक ह्याच प्रश्नावर लागेल.

आणि जो गेला आहे त्यानें काय करावें ? बाबेलांत धरून नेलेल्या लोकांस यिर्मयानें पत्र पाठविलें. बाबेल चांगलें आहे असें त्यानें लिहिलें नाहीं, आणि उद्यांच सुटाल असें खोटें समाधानहि दिलें नाहीं. घरें बांधा, मळे लावा, मुलांबाळांचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत आहां त्याच्या हितासाठीं झटा व प्रार्थना करा, असा त्याचा आशय होता. हा नगर मला काय देतो, एवढेंच जो विचारितो, तो प्रत्येक देशीं उपराच राहतो. ह्या नगरास माझ्या हातून काय मिळेल, असें जो विचारितो, त्याचें मूळ तेथें धरतें.

तुमच्यांपैकीं कोणी आज अगदीं तळच्या पायरीवर असेल. तर याकोबाची आठवण करा. घरांतून पळालेला, उशास धोंडा, वर उघडें आकाश. शिडी त्यासहि दिसली. आणि तिचा पाय कोणा संपन्न देशांत नव्हता, तो ज्या मातींत निजला होता त्याच मातींत टेकला होता.

अब्राहाम तंबूंत राहिला. त्यास ठाऊक होतें कीं, देवानें बांधिलेलें नगर पुढें आहे. म्हणून त्यास पृथ्वीची पर्वा नव्हती काय ? तसें नव्हे. त्यानें विहिरी खणिल्या. अनोळखी वाटसरूंस धांवत जाऊन जेवावयास बसविलें. आणि लोटानें निवडिलेल्या त्याच सदोमासाठीं देवाजवळ पदर पसरला. स्वर्गीय देशाची ज्यास आशा आहे, त्यास येथील प्रत्येक देशाची काळजी वहावी लागते.

तेव्हां ह्या आठवड्यांत तीन कामें करा. आपल्या मंडळींतून परगांवीं गेलेल्यांचीं नांवें लिहून काढा, व प्रत्येकास निरोप पाठवा. आपल्या शिवारांत उतरलेल्या टोळीकडे जा, व तेथील मुलांस शाळेंत बसूं द्यावें म्हणून गुरुजींशीं बोला. आणि ज्यास जावयाचें आहे, त्यास आशीर्वाद देऊन पाठवा. पण जातांना त्यास सांगा कीं, जमिनीबरोबर माणसेंहि पाहा.

परक्यांस आसरा देणारा व स्वतः परक्याच्या गोठ्यांत जन्मलेला प्रभु आपल्या गांवास वसतें करो. आमेन.