यंत्राचं दुसरं टोक

साकीनाका, मरोळ किंवा भांडुपकडच्या एखाद्या घाऊक मालाच्या गाळ्यात शिरलं, की अजूनही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा तो दात शिवशिवायला लावणारा आवाज कानावर येतो. दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद दातेरी चाकांवरून सरकत असतो. प्रिंटरच्या डोक्यातल्या बारीक सुया शाईच्या रिबनवर आपटतात आणि त्या दणक्याने वरच्या पांढऱ्या कागदाबरोबर खालचे गुलाबी आणि पिवळे कागदही एकाच वेळी छापले जातात. हा प्रिंटर हळू आहे, त्याची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची आहेत, आणि शेजारच्या टेबलावर लेसर प्रिंटर असूनही बिल त्याच्यावरच निघतं. याचं कारण वस्तू आणि सेवा कराच्या नियमावलीत सापडतं. मालाच्या विक्रीचं बीजक तीन प्रतींत करा, असं नियम ४८ सांगतो. एक प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याकडे. लेसर प्रिंटर कागदावर आपटत नाही, त्यामुळे त्याला तीच गोष्ट तीनदा छापावी लागते. १ जुलै २०१७ ला देशातली सगळ्यात नवी करप्रणाली आली आणि तिने गाळ्यातल्या सगळ्यात जुन्या यंत्राची नोकरी पक्की केली.

जुनी यंत्रं लोक का वापरतात, या प्रश्नाचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे प्रेम. आठवणी, सवय, जुनं ते सोनं. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांना हे उत्तर फार सोयीचं पडतं, कारण त्याबरोबर एक छान फोटोही छापता येतो. पण ज्या यंत्रावर प्रेम जडतं ते बहुधा शोकेसमध्ये जातं. रोज वापरात राहणाऱ्या यंत्राला कुणी कुरवाळत बसत नाही. त्या प्रिंटरवर गाळ्यातल्या कुणाचंही प्रेम नाही, उलट कागद अडकला की त्याला शिव्याच मिळतात. माझं म्हणणं असं, की यंत्र टिकणं-न टिकणं हे त्याच्या मालकाच्या मनावर फारसं अवलंबून नसतं. प्रत्येक यंत्राला एक दुसरं टोक असतं: सुटे भाग विकणारा दुकानदार, प्रक्षेपण करणारं केंद्र, परीक्षा घेणारं मंडळ, एखादा सरकारी नियम. ते टोक जिवंत असेपर्यंत यंत्र चालतं. ते टोक तुटलं, की धडधाकट यंत्रही ठोकळा होऊन बसतं.

सुमीत मिक्सरचा जन्मच मुळी या दुसऱ्या टोकाच्या अभावातून झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला माधुरी माथुर यांच्याकडे ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. आपल्याकडचं वाटण-दळण त्याला झेपलं नाही, तो जळला, आणि तो दुरुस्त करून देणारं भारतात कुणी नव्हतं. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांनी भिजलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड यांना पुरून उरेल अशी दणकट मोटर घेऊन नवाच मिक्सर घडवला आणि १९६३ च्या सुमारास त्यातून मुंबईत कंपनी उभी राहिली. पुढे घरोघरच्या ओट्यांवर सुमीत आला, नंतर कंपनीला उतरती कळा लागली, बाजार इतरांनी व्यापला. तरीही मुलुंड-बोरिवलीच्या स्वयंपाकघरांत त्या काळातले मिक्सर चटणी वाटताना दिसतात. भांड्याखालचा रबरी कपलर झिजतो, मोटरमधले कार्बन ब्रश संपतात, झाकणाची रिंग सैल होते. या तिन्ही वस्तू स्टेशनबाहेरच्या मिक्सर-कुकर दुरुस्तीच्या टपरीवर दोरीला टांगलेल्या असतात. कंपनीचं काय झालं, हे त्या टपरीवाल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. कंपनी गेली तरी यंत्र राहिलं, कारण त्याचं दुसरं टोक कंपनीच्या हातातून कधीच निसटून शेकडो टपऱ्यांवर विखुरलं होतं.

टाइपरायटरची गोष्ट नेमकी उलटी. विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. २०११ मध्ये या कंपनीने उत्पादन थांबवल्याची बातमी ‘जगातला शेवटचा कारखाना बंद’ अशा थाटात जगभर फिरली. ती अतिशयोक्ती होती, इतरत्र थोडीफार यंत्रं तेव्हाही बनत होती. पण कारखान्यापेक्षा महत्त्वाचं टोक पुण्यात होतं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीला लागतं. उपनगरांतल्या टायपिंग इन्स्टिट्यूट त्या एका कागदावर उभ्या होत्या. तेलपाणी केलेली, रिबन बदललेली यंत्रं ओळीने मांडून तिथे सकाळपासून तुकड्या बसायच्या. ही परीक्षा संगणकावर न्यायचं ठरलं तेव्हा संस्थाचालकांनी विरोध केला, मुदतवाढी मिळवल्या, पण दिशा बदलायची ती बदललीच. यंत्रात काहीही बिघाड नसताना ती भंगाराच्या भावाने जाऊ लागली. यात एक गंमत मात्र झाली. यंत्र गेलं तरी त्याची कळरचना राहिली. मराठी टंकलेखन यंत्रावर शिकलेली बोटं संगणकावर गेली, तेव्हा इनस्क्रिप्टसारखी जास्त तर्कशुद्ध रचना समोर असतानाही त्यांनी जुनीच मागितली, आणि आजही मराठी युनिकोडच्या कळफलकांमध्ये ‘रेमिंग्टन’ नावाचा पर्याय द्यावा लागतो. लोखंड वितळवता आलं, हजारो लोकांच्या बोटांत बसलेलं वळण तसं काढून टाकता आलं नाही.

मालकाच्या हातातलं यंत्र आणि दूरचं टोक यांच्यातलं नातं रेडिओइतकं उघड दुसऱ्या कशातही दिसत नाही, आणि मुंबईत तर ही दोन्ही टोकं उपनगरांतच आहेत. ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेल्या विविध भारतीचे कार्यक्रम आज बोरिवलीच्या गोराई रोडवरून देशभर जातात. आकाशवाणीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक मालाडला मालवणीत आहेत. अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झची लहर लांबीने अर्ध्या किलोमीटरहून जास्त भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून, डोंगर-इमारती ओलांडत जाते, आणि खाडीकाठची ओली, खारट जमीन तिला मानवते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, ती मोठ्या अडथळ्यांच्या आड सहज मंदावते. म्हणून मुंबईचं मध्यम लहरींवरचं केंद्र कोकणात दूरवर लागतं, आणि ते ऐकायला दोन पेनसिल सेलचा ट्रान्झिस्टर पुरतो. त्याच्या पोटात फेराइटची एक कांडी असते, तीच त्याची अँटेना. म्हणून ट्रान्झिस्टर थोडा वळवून ठेवला की खरखर कमी होते आणि आवाज स्वच्छ येतो. ही करामत घरातल्या मोठ्या माणसांना फेराइट हा शब्द न ऐकताही येत असते.

या ट्रान्झिस्टरला मारणं सोपं आहे, आणि त्यासाठी त्याला हात लावायचीही गरज नाही. प्रक्षेपक बंद केला की झालं. दूरदर्शनच्या बाबतीत ते होऊन गेलं. २०२२ पर्यंत जवळपास सगळी जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं बंद झाली आणि गच्चीवरच्या ज्या काही अॅल्युमिनियमच्या अँटेना उरल्या होत्या, त्यांना कावळ्यांशिवाय कुणी विचारेना. केबल आधीच आलेली असल्याने कुणाचं अडलं नाही. रेडिओचं मरण मात्र हप्त्याहप्त्याने येतंय. ठाण्याचा मर्फीचा कारखाना कधीच बंद झाला. त्याचे व्हॉल्व्हचे संच अजून कुणी हौशीने चालते ठेवतं, पण त्यांवर मध्यम आणि लघु लहरीच लागतात, एफएम लागत नाही. विविध भारती मुंबईत १०२.८ वर आली, ती त्यांच्यासाठी आलीच नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम ही डिजिटल पद्धत आणली, त्यासाठी मोठे प्रक्षेपक घेतले, आणि ते प्रक्षेपण पकडणारा, साध्या घराला परवडणारा रेडिओ बाजारात आलाच नाही. एक टोक घडवून दुसरं विसरणं म्हणजे काय, हे याहून चांगलं दाखवता येणार नाही. शिवाय मधली हवाही बिघडली. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मध्यम लहरींवर एवढी खरखर सोडतात, की शेजाऱ्याने दिवा लावला तरी कार्यक्रम बुडतो.

रेडिओ मोबाइलवर ऐकता येतो, मग या ट्रान्झिस्टरचं काय एवढं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. अॅपवर आवाज स्वच्छ येतो, दुसऱ्या गावची केंद्रंही लागतात. फरक संकटात कळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उपनगरांत वीज गेली आणि मोबाइल जाळी कोलमडली. अशा वेळी अॅपला गल्लीगल्लीतले टॉवर, त्यांची वीज आणि खिशातला डेटा, सगळं एकाच वेळी शाबूत लागतं. ट्रान्झिस्टरला मैलोगणती दूरचा एक मनोरा आणि दोन सेल पुरतात. प्रक्षेपकाचं वीजबिल मोठं असतं हे मान्य, पण ते फक्त श्रोत्यांच्या संख्येने भागून बघणं हा हिशेब अपुरा आहे.

प्रेमाच्या बाजूने सगळ्यात बळकट पुरावा नेदरलँड्समधून येतो. पोलरॉइडने २००८ मध्ये आपली झटपट छायाचित्रांची फिल्म बंद करायचं जाहीर केलं. जगभर पडून असलेले लाखो कॅमेरे एका फटक्यात निकामी होणार होते. तेव्हा काही वेड्या मंडळींनी एन्स्केडे इथल्या शेवटच्या कारखान्यातली यंत्रं विकत घेतली, हरवलेल्या रसायनांची कृती नव्याने शोधली आणि फिल्म पुन्हा बनवली. प्रेमाशिवाय हे झालं नसतं, यात शंका नाही. पण त्या मंडळींनी प्रेमापोटी केलं काय? त्यांनी कॅमेरे गोळा केले नाहीत, कारखाना वाचवला. कशाला वाचवायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं. आपल्याकडचे जुन्या रेडिओंचे संग्राहक शिसवी पेट्यांना पॉलिश करतात आणि प्रक्षेपणाबद्दल अवाक्षर काढत नाहीत, तेव्हा मला त्या डच कारखान्याची आठवण येते.

यापेक्षा अवघड आक्षेप वेगळा आहे. उघडता येणारं, कुणालाही दुरुस्त करता येणारं यंत्र चांगलं, हे सरसकट खरं नाही, आणि त्याचा पुरावा उपनगरातल्या प्रत्येक प्रवाशाने स्वतःच्या खिशातून दिलेला आहे. रिक्षाचं जुनं यांत्रिक मीटर टिकाऊपणाचा नमुना होतं. भाडं कितीही वाढो, मीटरचे आकडे तेच राहायचे. आरटीओचं टॅरिफ कार्ड काढून मीटरच्या आकड्यापुढचे रुपये वाचायचे. नव्या दरासाठी यंत्राला हातही लावावा लागत नसे. पण ज्या मेकॅनिकला ते दुरुस्त करता येई, त्यालाच ते पळवताही येई. ‘फास्ट मीटर’ हा अंधेरी ते घाटकोपर रोजचा तंटा होता, आणि म्हणूनच २०१२ च्या सुमारास संघटनांचा विरोध मोडून इलेक्ट्रॉनिक मीटर आले. ते आले हे बरंच झालं. (१ फेब्रुवारी २०२५ ला रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं, तेव्हा हजारो मीटरचं नव्याने कॅलिब्रेशन होईपर्यंत टॅरिफ कार्डच पुन्हा बाहेर काढावं लागलं, हा भाग वेगळा.) मिक्सर आणि मीटर यांत फरक आहे. मिक्सर बिघडवला तर नुकसान त्याच्या मालकाचंच. मीटर दोन विरुद्ध हितांच्या मधोमध बसलेलं असतं. तिथे सील हवं. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनी टॅक्सीलाही हाच न्याय लागतो. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची; वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून उतरली. तिचे भाग मिळत होते, मेकॅनिक होते, लोकांना ती आवडतही होती. पण तिचा धूर तिच्या मालकापुरता नव्हता. इथे दुसरं टोक मुद्दाम तोडणं योग्यच होतं, भले आपल्याला हळहळ वाटो.

म्हणजे जुनं की नवं हा वाद मला बिनकामाचा वाटतो. विचारायचं ते एवढंच, की दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, आणि ते तोडताना कुणाला विचारलं जातं. मुलुंड-घाटकोपरच्या टॉवरांच्या दारांवर बसणारे वॉचमन, घरकामाला येणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर यांच्यापैकी अनेकांच्या हातात अजून २जी जाळ्यावर चालणारा कीपॅड फोन आहे. तो खाली पडला तरी फुटत नाही, चार दिवस चार्जिंग पुरतं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आणून याच फोनला इंटरनेटशिवाय पैसे पाठवायची सोय दिली. दुसरीकडे २०२० मध्येच मुकेश अंबानींनी देशातले तीस कोटी ग्राहक २जीमध्ये अडकून पडल्याचं सांगत ते जाळं संपवण्यासाठी धोरणाची मागणी केली. त्यांच्या कंपनीचं स्वतःचं २जी जाळं नाही, हे लक्षात घेतलेलं बरं. या मागणीत तथ्य आहे, कारण लहरी मर्यादित आहेत आणि त्यांचा जास्त चांगला वापर शक्य आहे. पण घाटकोपर स्टेशनबाहेर दीड-दोन हजारांचा असा फोन घेणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. त्या खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना आणि उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं आहे. आतला फोन ज्या जाळ्यावर चालतो ते जाळं निदान कधीपर्यंत चालू ठेवलं जाईल, हे छापण्याची सक्ती कुणावरच नाही.